शिकारीत बंदुकीपेक्षा खबर जास्त बदलली

परभणीला पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने प्रश्न विचारला, तो आधी त्याच्याच शब्दांत देतो. "मामा, तुम्ही तिकडे हरणाची शिकार करता. आता झाडाला लावलेला कॅमेरा फोनवर फोटो पाठवतो, यंत्र अंतर सांगतं, ड्रोन रात्रीच्या अंधारात हरीण शोधून देतो. मग हरणाला वाव काय राहिला? आणि वाव नसेल तर त्याला शिकार कशाला म्हणायचं?"

वाव अजून आहे, पण तो कमी होत चालला आहे. आणि लोकांना वाटतं तिथे तो कमी होत नाहीये. सगळ्यांचं लक्ष बंदुकीकडे आणि दुर्बिणीकडे जातं. माझा चोवीस वर्षांचा अनुभव असा, की शस्त्र सुधारल्याने जितका फरक पडला त्याहून मोठा फरक खबर सुधारल्याने पडला. हरीण कुठे झोपतं, कुठल्या वाटेने येतं, कधी येतं, हे शोधून काढणं हीच शिकार. गोळी किंवा बाण सुटतो तो तिचा शेवटचा क्षण. तो क्षण अचूक झाला तर मला आनंदच आहे. पण त्याआधीचे दिवस आणि आठवडे यंत्राने गिळले तर उरतं ते फक्त मारणं.

हे वाचणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. मी बोलतोय ते मी राहतो त्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याबद्दल, तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल. तिथली परिस्थिती उलटी आहे. १९०० च्या सुमारास बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार शिकारीमुळे अख्ख्या अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आसपास, कदाचित त्याहूनही कमी उरली होती. मग कायदे आले, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. आज ही संख्या अंदाजे तीन कोटी आहे. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून नाहीसे झालेत, मका आणि सोयाबीनची शेतं आहेत, शेतांच्या कडेला झाडीचे पट्टे आहेत. हरणांना यापेक्षा चांगलं काय हवं? विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो तेव्हा पाच लाखांहून जास्त लोक रानात असतात. कारखान्यातले कामगार, शाळेतले शिक्षक, नर्सेस, दूधवाले शेतकरी, सगळे.

मी २००१ मध्ये या रानात पहिल्यांदा गेलो ते शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याचं बोट धरून. त्यांनी पहिलं अख्खं वर्ष माझ्या हातात बंदूक दिली नाही. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही फक्त चालत होतो. झाडाच्या सालीवर नराने शिंगं घासल्याच्या खुणा, जमिनीवर खुराने उकरलेली ओली माती, लेंड्या ताज्या की जुन्या, ओकची फळं कुठल्या झाडाखाली खाल्ली गेलीत, ओढा ओलांडायची जागा कुठली. आणि वारा. ते प्रत्येक वळणावर थांबून खिशातली पावडर चिमूटभर उडवायचे आणि ती कुठे जाते ते पाहत राहायचे. हरणाचं नाक म्हणजे काय चीज आहे हे ज्याने मचाणावर बसून एकदा अनुभवलं, तो वाऱ्याला कधीच हलक्यात घेत नाही. शंभर यार्डांवर मान खाली घालून चरणारी मादी, वारा किंचित फिरला की डोकं वर काढते, पुढचा पाय जमिनीवर आपटते, नाकातून फुर्र करते आणि आजूबाजूचं सगळं रान सावध होतं. त्या दिवसाची शिकार तिथेच संपते.

आता मी ज्याला खबर म्हणतो त्याकडे येतो. जुन्या काळी आपल्याकडच्या शिकाऱ्यांना गावकरी येऊन खबर द्यायचे, अमुक नाल्यात जनावर उतरलंय म्हणून. इथे ती खबर आता सिमकार्ड लावलेला कॅमेरा देतो. साध्या ट्रेल कॅमेऱ्याची कार्ड काढायला रानात जावं लागायचं. गेलं की आपला वास तिथे राहायचा आणि फोटो मिळायचा तो चार दिवसांपूर्वीचा. मोबाइल नेटवर्कवर चालणारा कॅमेरा तोच फोटो काही सेकंदांत हातात ठेवतो. नव्या कॅमेऱ्यांमध्ये नर, मादी, शिंगं ओळखून हवे तेवढेच फोटो पाठवायची सोयही आहे.

मी स्वतः तो वापरला. २०१९ च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, नर माजावर होते. दुपारी दोनच्या सुमारास ऑफिसात असताना फोन वाजला. आठ टोकांच्या शिंगांचा नर, ओढ्याकाठच्या ओकखाली, त्या क्षणी तिथे उभा होता. मी बैठक सोडली, पस्तीस मिनिटं गाडी चालवली, वारा बरोबर आहे हे बघून मचाणावर चढलो. साडेचारच्या आत तोच नर त्याच वाटेने परत आला. बाण स्वच्छ लागला आणि तो पन्नास पावलांत पडला. कायद्याचं एक अक्षरही मोडलं नव्हतं. मांस उत्तम होतं, वर्षभर पुरलं. पण त्याच्या मानेवर हात ठेवून बसलो तेव्हा मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. तो कुठून येतो, कुठे झोपतो, या ओढ्याकडे का येतो, यातलं काही मी शोधलेलं नव्हतं. मला बोलावण्यात आलं होतं आणि मी गेलो होतो. त्या हिवाळ्यात मी त्या कॅमेऱ्याचं सिम काढून टाकलं.

कोणी म्हणेल, ही फार हळवी गोष्ट झाली. पण खबर काय करू शकते याचा याच राज्यात एक जुना आणि भयंकर दाखला आहे. १८७१ मध्ये विस्कॉन्सिनात प्रवासी पारव्यांची एक वसाहत बसली होती. तिचा विस्तार सुमारे ८५० चौरस मैलांचा होता. माणसांच्या हातात त्या वेळी साध्या बंदुका, जाळी आणि काठ्या होत्या. घात केला तो तारायंत्राने आणि रेल्वेने. पक्षी कुठे उतरलेत ही बातमी तारेने गेली, आगगाड्या भरून शिकारी आले, पिंपं भरून पक्षी शहरांकडे गेले. आधीच्या पिढ्यांमध्ये ते थवे कुठे सापडतील हे कुणालाच आधी कळत नसे आणि तेच त्यांचं संरक्षण होतं. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीचा शेवटचा पक्षी मेला. विस्कॉन्सिनात वायलूसिंगच्या कड्यावर त्यांचं स्मारक आहे. शिकार शिकायला येणाऱ्या मुलांना मी जमेल तेव्हा तिथे घेऊन जातो.

आपल्याकडचा दाखलाही वेगळा नाही. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात १९४७ मध्ये तीन चित्ते एकाच रात्री मारले गेले, ते रात्री मोटारीतून जाताना, दिव्यांच्या झोतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती नोंद छापून आली आणि तिच्याबरोबरच संपादकांनी आपला संतापही नोंदवला. १९५२ मध्ये भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ती बंदूक काही आगळीवेगळी नव्हती. मोटार आणि दिवा हे त्या काळातलं नवं तंत्रज्ञान होतं. डोळे चमकवणाऱ्या दिव्यापुढे जनावर थिजतं, त्याची सगळी इंद्रियं निकामी होतात. विदर्भ-मराठवाड्यात बॅटरीवर ससा-हरीण मारणाऱ्यांची जी पद्धत आजही ऐकू येते, तीही हीच. अमेरिकेतल्या राज्यांनी रात्री झोत टाकून हरीण मारणं फार पूर्वीच गुन्हा ठरवलं, यातच सगळं आलं.

म्हणून काही राज्यांनी कॅमेऱ्यांवर आणलेले निर्बंध मला पटतात. ॲरिझोनाने २०२१ मध्ये ठराव करून १ जानेवारी २०२२ पासून शिकारीला मदत म्हणून ट्रेल कॅमेरे लावण्यावर पूर्ण बंदी घातली. कोरडा प्रदेश, पाणवठे मोजके. एकेका पाणवठ्याभोवती इतके कॅमेरे लागायचे, आणि ते तपासायला इतकी माणसं यायची, की जनावरांना निवांत पाणी पिणं अवघड व्हायचं. जिथे प्यायलाच यावं लागतं तिथे पाळत ठेवणं हे माग काढणं नव्हे. नेवाडा आणि युटा यांनी हंगामाच्या महिन्यांत बंदी घातली, कॅन्ससने २०२३ मध्ये सार्वजनिक जमिनींवर. आमच्या विस्कॉन्सिनात हे कॅमेरे अजून चालतात. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी पुढाकार घेऊन स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवतो. जनावराला निसटायची खरी संधी हवी, शिकाऱ्याला अवाजवी वरचढपणा नको, ही त्यांची जुनी कसोटी. तत्काळ फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्याच्या मदतीने मारलेलं जनावर ते आपल्या नोंदवहीत घेत नाहीत. त्या नोंदवहीचं मला स्वतःला आकर्षण नाही, शिंगांची मापं काढण्यात मला रस नाही. पण रेघ त्यांनी योग्य ठिकाणी ओढली.

आता शस्त्रांबद्दल. तिथे माझं मत इतकं सरळ नाही, कारण तिथे जनावराच्या वेदनेचा प्रश्न आहे.

कंपाउंड धनुष्याचं पेटंट १९६९ मध्ये मिसूरीतल्या होलिस विल्बर ॲलन यांना मिळालं. दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण एकदम कमी होतो, नेम धरून थांबता येतं. साध्या धनुष्याने वीस यार्डांपलीकडे बाण मारायला माणूस कचरायचा. कंपाउंडने तो चाळीसला सरावला, काही जण साठला. त्यात लेझरचं अंतर मोजणारं यंत्र आलं. सरावाच्या फळीवर माझेही चाळीस यार्डांवरचे बाण एका वाटीएवढ्या जागेत बसायचे. पण फळी ऐकत नाही, हरीण ऐकतं.

हा हिशेब मी शिकवायच्या वर्गात फळ्यावर मांडतो. चाळीस यार्ड म्हणजे १२० फूट. सेकंदाला २८० फूट जाणाऱ्या बाणाला तिथे पोचायला ०.४३ सेकंद लागतात. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, म्हणजे तो ०.११ सेकंदात पोचतो. मधे उरतात तीन-दशांश सेकंद. बुजलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसकण मारतं आणि तेवढ्यात त्याची छाती वीतभर खाली गेलेली असते. वीस यार्डांवर हाच अवधी निम्मा होतो. अंतर मोजायचं यंत्र तुम्हाला अंतर बरोबरच सांगतं. ते हरणाच्या कानांबद्दल काही सांगत नाही.

२०१२ मध्ये मी चाळीस यार्डांवरून एका मादीला बाण मारला. यंत्राने ४० दाखवलं, हात स्थिर होता, सगळं बरोबर होतं. तिने आवाज ऐकला, ती खाली बसली, बाण फुप्फुसांच्या वर, पाठीच्या मांसात गेला. आम्ही अंधारात कंदील घेऊन रक्ताचे थेंब शोधत रात्री अकरापर्यंत हिंडलो. माग तुटला. सकाळी एका ओळखीच्या माणसाने दोरी बांधलेला मागावरचा कुत्रा आणला, त्याने तासाभरात ती शोधली. ती जिवंत होती. रात्रभर ती तिथे पडून होती, आणि ती रात्र थंड होती. मी तिचं जे करायचं ते केलं आणि त्यानंतर पंचवीस यार्डांपलीकडे बाण सोडलेला नाही. भाच्या, तू पशुवैद्य होणार आहेस, तुला मी हे सांगायला नको, की जनावर ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असं नसतं.

त्या दिवसापासून मी अवजारांना एकच प्रश्न विचारतो. हे अवजार मी आजवर ज्या अंतरावरून मारत होतो तिथेच माझा घाव अधिक स्वच्छ करतं, की मला आणखी दूर जायचा मोह घालतं? अडचण अशी, की बहुतेक अवजारं दोन्ही करतात. धारदार पातं, चांगली दुर्बीण, झाडावरून पडू नये म्हणूनचा पट्टा, यांनी काहीच बिघडत नाही. पण रायफलीवरच्या दुर्बिणीत अंतरानुसार नेम जुळवायला फिरवायच्या चकत्या आल्या, फोनवर गोळीचा मार्ग सांगणारी ॲप आली, आणि पाचशे यार्डांवरून, काही वेळा हजारावरून हरीण मारल्याची चित्रफीत टाकणारे लोक आले. पाचशे यार्डांवर पोचायला रायफलीच्या गोळीला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यात चरणारं हरीण एक पाऊल पुढे टाकतं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला फूटभराहून जास्त बाजूला नेतो, आणि हृदय-फुप्फुसांची जागा असते जेमतेम नाश्त्याच्या बशीएवढी. त्याशिवाय इतक्या लांबून जखमी हरीण कुठल्या झुडपाशी उभं होतं तेही नंतर नक्की सापडत नाही. माणूस तिथवर चालत जातो, रक्त दिसत नाही, चुकलं असं म्हणून परत फिरतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. पाचशे यार्डांवर हरणाचं नाक, कान, डोळे, सगळं व्यर्थ असतं. लाखो वर्षांत त्याने जे कमावलं ते त्या खेळात मोजलंच जात नाही.

याच वाटेचं टोकही लोकांनी गाठून पाहिलं. २००४-०५ मध्ये टेक्सासमध्ये एकाने कुंपणातल्या जनावरावर संगणकाचा माउस दाबून, घरबसल्या, इंटरनेटवरून रायफल झाडता येईल अशी सोय उभी केली. वर्षभरात अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली आणि या बंदीच्या बाजूने शिकारी आणि शिकारविरोधी, दोघेही उभे होते. २०१३ मध्ये लक्ष्यावर खूण केली की नळी बरोबर जुळेपर्यंत गोळी रोखून धरणारी संगणकी रायफल बाजारात आली. तिची किंमत वीस हजार डॉलरच्या वर होती. आयडाहोसारख्या राज्याचा नियम असा आहे, की रायफलीला इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडायचंच नाही, फार तर दुर्बिणीतली खूण उजळणारा दिवा चालेल. मला तो नियम आवडतो, कारण तो कुठलं यंत्र आलं आणि कुठलं जुनं झालं या मागे धावत बसत नाही.

ड्रोनचा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे आणि तिथे मी अजूनही स्वतःशी भांडतो.

हरीण शोधायला ड्रोन उडवायचा आणि मग मारायला जायचं, हे जवळजवळ सगळीकडे बेकायदा आहे. विमानातून शिकार करण्याविरुद्धचा केंद्रीय कायदा १९७१ पासून आहे. कोलोरॅडो, मोंटाना, अलास्का यांनी २०१४ च्या सुमारास ड्रोनवर स्पष्ट बंदी घातली. त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण बाण लागल्यानंतर हरवलेलं हरीण शोधायला उष्णता टिपणारा थर्मल ड्रोन वापरायचा की नाही? २०१२ ची ती मादी त्या रात्री अर्ध्या तासात सापडली असती. मी तिला रात्रभर तसं ठेवलं नसतं. काही राज्यांत हे चालतं. मिशिगनने याला शिकारीचाच भाग मानून मनाई केली तेव्हा २०२३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. राज्याचा मुद्दा पोकळ नाही. वरून हरवलेलं हरीण शोधताना खालचं प्रत्येक जिवंत हरीणही दिसतं, कुठल्या झाडीत कितीजण झोपलेत तेही दिसतं. जखमी हरीण जिवंत सापडलं तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोणत्या हक्काने जायचं, हाही प्रश्न आहे. माझा आजचा कल असा: मेलेलं किंवा मरणारं जनावर शोधायला ड्रोन असावा, पण तो परवानाधारक तिसऱ्या माणसाने उडवावा, उड्डाणाची नोंद राहावी आणि त्या शिकाऱ्याने त्या परिसरात त्या हंगामात पुन्हा शस्त्र घेऊन जाऊ नये. शेवटची अट लोकांना जाचक वाटते. मला ती आवश्यक वाटते. आणि मागावरच्या कुत्र्याला मी अजूनही पहिली पसंती देतो. तो ज्या जनावराचा माग घेतो त्याच्याकडेच नेतो, बाकीच्या रानाची खबर देत नाही.

आता तुझ्या मनात येणारा पुढचा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझे इथले मित्रही घेतात. हरणं तीन कोटी आहेत, ओकची रोपं वर येऊ देत नाहीत, गाड्यांवर आदळतात, कळपात दाटी झाली की क्रॉनिक वेस्टिंगसारखा मेंदूचा असाध्य रोग पसरतो. विस्कॉन्सिनात तो २००२ मध्ये सापडला, मॅडिसनच्या पश्चिमेला, आमच्या घरापासून फार लांब नाही. मग जितकी मारायला सोपी तितकं बरं नाही का?

याचं उत्तर असं, की संख्या कमी करायची असेल तर माद्या माराव्या लागतात. आणि कॅमेऱ्यावर, ॲपवर पैसा आणि डोकं खर्च होतं ते मोठ्या शिंगांच्या नरासाठी. एकाच नरावर तीन महिने पाळत ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्याला नावही ठेवलेलं असतं. समोरून गेलेल्या चार माद्या ते सोडून देतात. रानाच्या प्रकृतीसाठी या यंत्रांचा वापर होतो असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. जिथे खरोखर संख्या घटवायची असते, उपनगरांच्या उद्यानांत वगैरे, तिथे नगरपालिका प्रशिक्षित नेमबाज बोलावतात. ते रात्री, आमिष टाकून, आवाज दाबणाऱ्या नळ्या लावून, थर्मल दुर्बिणीने काम करतात. त्याला माझी काहीच हरकत नाही. तिथे जितकी यंत्रं तितकं कमी दुःख. पण ते लोक त्याला शिकार म्हणत नाहीत आणि भिंतीवर हरणाचं डोकं टांगत नाहीत. माझं भांडण यंत्राशी नाही, चुकीच्या नावाशी आहे. यंत्राने शोधून दिलेल्या नराचा फोटो टाकून आपण रानाचे जाणकार असल्याचं सांगणं मला सहन होत नाही.

एका बदलाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून तो सांगतो. पूर्वी विस्कॉन्सिनात मारलेलं हरीण नोंदणी केंद्रावर न्यावं लागायचं. ते केंद्र म्हणजे गावचा पेट्रोलपंप, किराणा दुकान, नाहीतर दारूचा गुत्ता. ट्रकच्या मागच्या फळीवर हरीण असायचं आणि दहा-बारा माणसं भोवती. म्हातारे हात लावून घाव बघायचे. बाण कुठे लागला, कितीदा मारावं लागलं, पाडस तर नाही ना, सगळं चारचौघांत उघडं पडायचं. लहान पोरं कान देऊन ऐकायची. मागच्या पायाला गोळी लागलेलं हरीण घेऊन आलेल्या एका तरुणाला कोणी एक शब्द बोललं नाही, फक्त सगळे गप्प झाले. मी ती शांतता ऐकली आहे. २०१५ पासून नोंदणी फोनवर किंवा संगणकावर होते, दोन मिनिटांत. सोय झाली हे खरं, आकडे लवकर मिळतात हेही खरं. पण हरणाला बघणारे डोळे गेले. आता चारचौघं समाजमाध्यमांवर आहेत आणि तिथे घाव कोणी बघत नाही, शिंगं बघतात. नियमांच्या पुस्तकापेक्षा त्या पेट्रोलपंपावरच्या लोकांनी मला जास्त वळण लावलं.

चांगलं काय आलं तेही सांगायला हवं. नकाशाच्या ॲपमुळे कुणाची हद्द कुठे संपते ते पायाखाली कळतं, नवख्याकडून चुकून होणारी घुसखोरी टळते. जीपीएसमुळे बर्फात वाट चुकून माणसं दगावत नाहीत. आणि सगळ्यात साधं तंत्रज्ञान म्हणजे तो भडक नारिंगी रंग, बंदुकीच्या हंगामासाठी इथे १९८० मध्ये सक्तीचा झालेला. हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. नारिंगी त्याला मळकट दिसतो, माणसाला मात्र अर्ध्या मैलावरून दिसतो. माणसाला वाचवणारं आणि हरणाचं काहीही न हिरावणारं, असं अवजार मला दुसरं माहीत नाही.

क्रॉसबोबद्दल, म्हणजे बंदुकीसारखं धरून घोडा दाबायच्या आडव्या धनुष्याबद्दल, थोडक्यात. २०१४ च्या हंगामापासून तो इथे सर्वांना खुला झाला आणि काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेली हरणं साध्या आणि कंपाउंड धनुष्यांनी मारलेल्यांपेक्षा जास्त झाली. खांदा गेलेल्या माझ्या सत्तरीतल्या मित्राला त्यानेच रानात परत आणलं, त्यामुळे मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. धडधाकट तरुणाने मात्र आधी दोन वर्षं धनुष्य ओढून बघावं असं मी सुचवतो. हे सगळेच ऐकतात असं नाही.

१९४०च्या दशकात याच राज्यात, विद्यापीठात शिकवणाऱ्या आल्डो लिओपोल्ड यांनी शिकाऱ्याभोवती वाढणाऱ्या यंत्रांच्या पसाऱ्याबद्दल काळजी व्यक्त केली होती. ते स्वतः धनुष्य हाताने बनवायचे. त्यांच्या वेळी तो पसारा म्हणजे मोटारगाडी, खऱ्या बदकांना भुलवायला कारखान्यात बनलेली फसवी बदकं, त्यांना बोलवायच्या शिट्ट्या एवढाच होता. त्यामुळे "पूर्वीही असंच म्हणायचे" असं सांगून हा प्रश्न झटकता येतो, आणि लोक झटकतात. पण मला वाटतं फरक खरोखर आहे. शिट्टी वाजवायला रानात यावं लागायचं. वारा कुठला आहे ते त्या माणसालाच बघावं लागायचं. आजचं अवजार आपल्याला तिथे असण्यातूनच मोकळं करतं.

तर भाच्या, माझ्यापुरती रेघ अशी आहे. मार्च ते ऑगस्ट साधे, सिम नसलेले कॅमेरे लावतो, त्यांची कार्डं चालत जाऊन काढतो आणि सप्टेंबरात धनुष्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ते उतरवतो. बाणाला पंचवीस यार्ड, रायफलीला दीडशे. अंतराचं यंत्र वापरतो, पण मचाणावर बसल्या बसल्या आसपासच्या झाडांची अंतरं मोजून ठेवतो आणि हरीण आल्यावर ते खिशात ठेवतो. रोज संध्याकाळी काय दिसलं ते वहीत लिहितो, वाऱ्यासकट. ही रेघ माझ्या मुलीला सैल वाटते, ती फक्त साधं धनुष्य वापरते. माझ्या मित्राला ती अति कडक वाटते. आम्ही तिघं एकाच टेबलावर जेवतो.

गेल्या हंगामात नऊ दिवसांपैकी आठ दिवस मी रिकाम्या हाताने आलो. सहाव्या दिवशी ओढ्यापलीकडून एक नर आला, साठ यार्डांवर थांबला, रायफलीच्या माऱ्यात होता. मी बंदूक खांद्याला लावेपर्यंत माझ्या मानेला मागून गार झुळूक लागली. त्याने मान वर केली, माझ्याकडे नाही, फक्त हवेकडे पाहिलं, आणि दोन उड्यांत तो सीडरच्या झाडीत नाहीसा झाला. नवव्या दिवशी दुपारी एक मादी मिळाली. तिचं मांस अजून फ्रीजरमध्ये आहे. तू मार्चमध्ये येशील तेव्हा बर्फ वितळत असेल, हंगाम नसेल, त्या नराच्या वाटेने आपण दोघं चालू. तो कुठून येतो ते मला अजून सापडलेलं नाही.